तेजोवलयाविना संत

४ ऑक्टोबर १९६२. इटलीतल्या असिसी या डोंगरगावात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. संत फ्रान्सिसचा सण होता आणि त्यातच पोप तेविसावे जॉन खुद्द आगगाडीने तिथे येणार होते. आठवड्याभरात व्हॅटिकनची दुसरी महासभा भरायची होती आणि तिच्या यशासाठी त्यांना फ्रान्सिसच्या समाधीपाशी प्रार्थना करायची होती. त्याच गावात एका कॅथलिक संस्थेचा पाहुणा म्हणून पिएर पाओलो पासोलिनी उतरला होता. कवी, कादंबरीकार, नुकताच दिग्दर्शक झालेला, विचाराने मार्क्सवादी, देवावर विश्वास नसलेला. गर्दीमुळे बाहेर पडणं अशक्य झालं, तेव्हा त्याने उशाशी ठेवलेली शुभवर्तमानं हातात घेतली आणि संत मत्तयचं शुभवर्तमान सलग वाचून काढलं. त्याच वाचनातून 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू' या चित्रपटाची कल्पना निघाली.

मधल्या काळात या माणसावर धर्माचा अवमान केल्याचा खटला चालला. 'ला रिकोत्ता' या त्याच्या लघुपटासाठी १९६३ मध्ये त्याला चार महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली, ती पुढे रद्द झाली. पण १९६४ मध्ये मत्तयवरचा चित्रपट पूर्ण झाला तो पोप तेविसाव्या जॉन यांच्या स्मृतीला अर्पण होऊनच. वर्षभरापूर्वी पोपचं निधन झालं होतं. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं आणि आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेनेही गौरवलं. पन्नास वर्षांनी, २०१४ मध्ये, व्हॅटिकनच्या 'लॉसेर्वातोरे रोमानो' या वृत्तपत्राने येशूवरचा हा आजवरचा सर्वोत्तम चित्रपट असल्याचं म्हटलं.

का, ते पहिल्या दहा मिनिटांतच कळतं. येशूच्या भूमिकेत एन्रिके इराझोकी हा फ्रँकोच्या राजवटीला विरोध करणारा १९ वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी आहे. क्रुसापाशी उभी असलेली वृद्ध मरिया म्हणजे पासोलिनीची स्वतःची आई. जेरुसलेमच्या जागी दक्षिण इटलीतलं मातेरा, डोंगर पोखरून केलेल्या घरांचं तेव्हाचं दरिद्री शहर. शिष्य, परुशी, शिपाई, आजारी माणसं बहुतेक सगळी कधीही कॅमेऱ्यापुढे न आलेली. संवाद थेट मत्तयच्या ग्रंथातले, पदरचं काहीही न घालता घेतलेले. संगीतात बाखशेजारी अमेरिकेतल्या गुलामांच्या परंपरेतलं गाणं आणि काँगोतली मिस्सा. हा येशू चालता चालता मागे वळून बोलतो, घाईत असतो, त्याला वेळ कमी आहे हे ठाऊक असतं. त्याच्या डोक्यामागे प्रकाश पडत नाही.

याच मातेरात चाळीस वर्षांनी मेल गिब्सनने 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' चित्रित केला. २००४ च्या त्या चित्रपटाने जगभर अफाट पैसा मिळवला. अरामाईक आणि लॅटिन भाषेतले संवाद, बारीकसारीक तपशिलांची मेहनत, हे सगळं त्यात आहे. पण फटक्यांचा प्रसंग इतका लांबतो की सोसणारा माणूस मागे पडून जखमाच उरतात. ज्यूंच्या चित्रणावरचे आक्षेपही गंभीर होते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर तीच दगडी गल्ली दोन श्रद्धांना किती वेगळी दिसते, हे ध्यानात येतं.

नाताळ किंवा ईस्टर जवळ आला की घराघरांतून विचारणा होते, काय पाहावं? उत्तरात बहुधा 'बेन-हर'सारखे भव्यपट येतात. ते जरूर पाहावेत. पण कॅथलिक श्रद्धा, संत आणि चर्चचा इतिहास यांवरचे टिकलेले चित्रपट शोधायला गेलं की वेगळी गोष्ट हाती लागते. त्यांतले बरेच चित्रपट साशंकांनी, परधर्मीयांनी किंवा चर्चशी भांडण असलेल्यांनी केलेले आहेत. आणि त्यांतले श्रेष्ठ चित्रपट चमत्कारापाशी फारसे थांबत नाहीत. एका माणसाला एका क्षणी हो किंवा नाही म्हणायचं असतं, ते म्हणताना त्याच्या जिवाचं काय होतं, यावर त्यांची नजर खिळलेली असते.

खुद्द व्हॅटिकनलाही हे उमजलेलं दिसतं. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये त्यांनी ४५ चित्रपटांची यादी केली. धर्म, मूल्यं आणि कला असे तीन गट, प्रत्येकी १५. धर्माच्या गटात पासोलिनी आहे, धर्मसंस्थेवर आयुष्यभर तुटून पडलेल्या लुईस बुन्युएलचा 'नाझारिन' आहे, डॅनिश लूथरन वातावरणातला 'ऑर्डेट' आहे आणि रशियन ऑर्थोडॉक्स चित्रकारावरचा 'आंद्रेई रुब्ल्योव'ही आहे. मूल्यांच्या गटात रिचर्ड अॅटनबरोंचा 'गांधी' आहे. आणखी एक लक्षणीय गोष्ट म्हणजे १९८६ च्या कान महोत्सवात पहिली तीन मोठी पारितोषिकं अनुक्रमे 'द मिशन', तारकोव्हस्कीचा 'द सॅक्रिफाइस' आणि आलँ काव्हालिएचा 'तेरेझ' यांना मिळाली होती, आणि हे तिन्ही पुढे व्हॅटिकनच्या धर्मगटात आले. धर्म हा विषय त्या वर्षी जागतिक चित्रपटाच्या ऐन मध्यावर होता.

मराठी प्रेक्षकाला संतपट परका नाही. दादासाहेब फाळक्यांना चित्रपटाचं वेड लागलं तेच गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून. पडद्यावर येशू दिसत असताना मनात राम आणि कृष्ण उभे राहिले, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'ला व्हेनिसमध्ये मान मिळाला. त्यात वैकुंठाचं विमान आहेच, तरी लक्षात राहते ती विठोबाशी भांडणारी, चूल पेटती ठेवण्यासाठी झगडणारी जिजाई. ज्याला गौरी या नटीची ती जिजाई आवडते, त्याला पुढचे चित्रपट आपलेच वाटतील.

पहिला मान डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'चा. १९२८ चा मूकपट. फ्रान्सची ही शेतकऱ्याची पोर १४३१ मध्ये रुआँ इथे जिवंत जाळली गेली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिला पाखंडी ठरवणारं न्यायालय चर्चचंच होतं. १४५६ मध्ये तो निवाडा रद्द झाला आणि १९२० मध्ये त्याच चर्चने तिला संतपद दिलं. ड्रायरने लढाया, घोडे, राज्याभिषेक, सगळं सोडून दिलं आणि खटल्याच्या मूळ नोंदींवर चित्रपट उभा केला. त्या नोंदींचे अभ्यासक पिएर शाँपियाँ त्याचे सल्लागार होते.

निर्मात्यांनी खर्च करून किल्ल्याचा प्रचंड सेट बांधला होता. ड्रायरने तो जवळपास दाखवलाच नाही! त्याने कॅमेरा नेला तो चेहऱ्यांपाशी. नटांना रंगरंगोटीची बंदी. त्यामुळे न्यायाधीशांच्या गालावरचे मस, सुरकुत्या, थुंकीचे शिंतोडे, सगळं दिसतं आणि त्यांच्यामध्ये रने फाल्कोनेत्तीचा तो उघडा चेहरा. ती रंगभूमीवरची नटी होती. या भूमिकेनंतर ती पडद्यावर पुन्हा आली नाही.

खटल्यातला एक प्रश्न प्रसिद्ध आहे. तुझ्यावर देवाची कृपा आहे का, असं तिला विचारलं जातं. हो म्हटलं तर उद्धटपणा, कारण ते कुणालाही खात्रीने माहीत असू शकत नाही. नाही म्हटलं तर पापाची कबुली. अक्षरओळख नसलेली ती मुलगी म्हणते की नसेल तर देवाने ती द्यावी आणि असेल तर टिकवावी. न्यायासनावरच्या पंडितांचे चेहरे त्या उत्तरानंतर पाहावेत. पुढे मृत्यूच्या भीतीने ती कबुलीजबाबावर सही करते आणि नंतर ती कबुली मागे घेते. ड्रायरचा खरा विषय हाच आहे. घाबरलेली, मोडलेली मुलगी स्वतःच्या शब्दाकडे परत येते.

या चित्रपटाच्या नशिबीही आगच होती. मूळ निगेटिव्ह १९२८ मध्येच बर्लिनमध्ये जळाली. उरलेल्या तुकड्यांतून ड्रायरने दुसरी आवृत्ती तयार केली, तिचीही तीच गत झाली. मग कित्येक दशकं लोक काटछाट केलेल्या प्रतीच पाहत राहिले. १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मूळ आवृत्तीची जवळपास अखंड प्रत सापडली. आज जो चित्रपट दिसतो तो तिच्यामुळे.

ड्रायरनंतर रोबेर्तो रोसेलिनीचा 'द फ्लॉवर्स ऑफ सेंट फ्रान्सिस' पाहिला की मोकळ्या हवेत आल्यासारखं वाटतं. १९५० चा हा चित्रपट सुट्या सुट्या गोष्टींचा आहे. फ्रान्सिस आणि त्याचे सोबती खऱ्या फ्रान्सिसकन व्रतस्थांनी साकारले आहेत. जुनिपर नावाचा भोळा बंधू दिसेल त्याला अंगातली कफनी देऊन टाकतो आणि पुन्हा पुन्हा उघडा परततो. रात्री रानात फ्रान्सिसला एक कुष्ठरोगी भेटतो, फ्रान्सिस त्याला मिठी मारतो आणि तो निघून गेल्यावर जमिनीवर पडून रडतो. या प्रसंगात शब्द जवळजवळ नाहीत. शेवटी सगळे प्रचाराला निघतात, पण कुणी कुठल्या दिशेला जायचं? लहान मुलांसारख्या गरगर गिरक्या घ्यायच्या आणि भोवळ येऊन ज्या दिशेला पडू, ती आपली वाट. मुलांना संतपट दाखवायचा असेल तर याहून चांगली सुरुवात नाही.

कायद्याच्या भाषेत रस असलेल्यांनी फ्रेड झिनेमानचा 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' गाठावा. १९६६ चा हा चित्रपट सहा ऑस्करचा मानकरी आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री पोपशी नातं तोडून स्वतः चर्चप्रमुख होतो. त्याचा माजी चॅन्सेलर टॉमस मोर ते मान्य करणाऱ्या शपथेला नकार देतो, पण कारण सांगत नाही, कारण मौनावर कायद्याने शिक्षा करता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पॉल स्कोफिल्डचा मोर विनोदी आहे, घरावर प्रेम करणारा आहे, हौतात्म्याची त्याला हौस नाही. एका खोट्या साक्षीवर १५३५ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं आणि बरोबर ४०० वर्षांनी त्याला संतपद मिळालं. मोरच्या चॅन्सेलरपदाच्या काळात पाखंडी ठरलेल्यांना जाळण्यात आलं होतं, हा भाग मात्र चित्रपट गाळतो. प्रेक्षकाने तो स्वतः आठवणीत ठेवावा.

या चित्रपटाचा लेखक रॉबर्ट बोल्ट. वीस वर्षांनी त्यानेच 'द मिशन' लिहिला, रोलँड जॉफेने दिग्दर्शित केला. दक्षिण अमेरिकेत येशूसंघाच्या फादरांनी ग्वारानी आदिवासींसाठी वस्त्या उभारल्या होत्या, जिथे त्यांना गुलामांच्या शिकाऱ्यांपासून आसरा होता. १७५० च्या माद्रिद कराराने त्यातला काही मुलूख स्पेनकडून पोर्तुगालकडे गेला आणि वस्त्या रिकाम्या करण्याचा हुकूम सुटला. चित्रपटातला मेंडोझा पूर्वी हेच आदिवासी पकडून विकायचा. भावाचा खून केल्यावर तो प्रायश्चित्त म्हणून आपली चिलखतं-तलवारी जाळ्यात बांधून इग्वासूच्या धबधब्याशेजारचा कडा चढतो. वर पोहोचल्यावर एक ग्वारानी सुरी घेऊन पुढे येतो. ती सुरी क्षणभर त्याच्या गळ्यावर टेकते आणि मग दोर कापते. रॉबर्ट डी नीरोचं त्यानंतरचं रडणं खोटं वाटत नाही. एन्यो मोरिकोनेचं संगीत तर चित्रपटापेक्षाही दूर पोहोचलं आहे. उणीव एकच, पण मोठी आहे. ज्यांच्या जमिनीचा हा प्रश्न आहे ते ग्वारानी फारसे बोलत नाहीत. वाद गोऱ्यांचा गोऱ्यांशी चालतो.

या इतिहासाची दुसरी बाजू गोव्यात दिसते. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने १७५९ मध्ये येशूसंघाला साऱ्या पोर्तुगीज मुलखातून हाकललं, त्यात गोवाही आला. ज्या संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये तिथे छापलं गेलं होतं, तो संघ दीड शतकानंतर तिथून उखडला गेला. लोकांची भाषा शिकून तिच्यात ओव्या रचणाऱ्या या माणसावर कुणी तरी मन लावून चित्रपट करायला हवा.

मराठी ख्रिस्ती प्रेक्षकांच्या सर्वांत जवळचा चित्रपट मात्र जपानमध्ये घडतो. मार्टिन स्कोर्सेसीचा 'सायलेन्स' २०१६ मध्ये आला. शुसाकू एंडो या जपानी कॅथलिक लेखकाची कादंबरी १९६६ ची. स्कोर्सेसीने ती १९८९ मध्ये वाचली आणि चित्रपट व्हायला पाव शतकाहून जास्त काळ गेला. त्याच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'वरून उठलेलं वादळ त्या वाचनाच्या वेळी ताजं होतं.

जपानमध्ये १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. फेरेरा हा वडीलधारा फादर धर्म सोडून बसल्याची बातमी युरोपात पोहोचते. त्याचे दोन तरुण शिष्य खरंखोटं पाहायला चोरून जपानच्या किनाऱ्यावर उतरतात. फेरेरा ही खरी व्यक्ती. खड्ड्यावर उलटं टांगून केलेल्या छळानंतर १६३३ मध्ये त्याने धर्म सोडला होता. फादर रॉड्रिग्ज छळाची तयारी मनात करूनच आलेला असतो. पण त्याला हात लावला जात नाही. गावकऱ्यांना त्याच्यासमोर छळलं जातं आणि सांगितलं जातं, तू येशूच्या प्रतिमेवर पाय दे, की यांना सोडू. हौतात्म्य त्याच्या आवाक्यात होतं, हा पेच मात्र आवाक्यात नव्हता. अँड्र्यू गारफिल्डच्या चेहऱ्यावर तो पेच दोन तास हळूहळू घट्ट होत जातो. संगीत जवळपास नाहीच. समुद्र, पाऊस आणि किड्यांची किरकिर ऐकू येते. दिग्दर्शक शिन्या त्सुकामोतोने साकारलेला मोकिची भरतीच्या लाटांत क्रुसावर बांधलेला असताना गातो, तो प्रसंग पाहणं कठीण आहे आणि तो टाळू नये. पुन्हा पुन्हा विश्वासघात करून पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला येणारा किचिजिरो हा बहुधा या चित्रपटातला सर्वांत खरा माणूस.

हा इतिहास वसईचाही आहे. जपानकडे निघालेले बहुतेक येशूसंघीय लिस्बनहून आधी गोव्यात येत आणि मग मकावमार्गे पुढे जात. १५४९ मध्ये जपानला पोहोचलेले संत फ्रान्सिस झेवियरही १५४२ मध्ये गोव्यात उतरले होते आणि त्यांचं शव जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकात आहे. पण त्यांच्याहून जवळचा माणूस म्हणजे वसईत जन्मलेला गोंसालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला आणि मग मनिलात फ्रान्सिसकन संघात बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये संघाचे लोक जपानला गेले तेव्हा तो त्यांचा दुभाष्या होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्या सगळ्यांना संतपद मिळालं आणि गोंसालो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे. 'सायलेन्स' त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी सुरू होतो, ज्या काळात छळणाऱ्यांना कळून चुकलं होतं की हुतात्मे केल्याने श्रद्धा वाढते. म्हणून धर्मगुरूंना हुतात्मे करण्याऐवजी त्यांनी त्यांना मोडायला घेतलं.

विसाव्या शतकातल्या संतांकडे वळलं की दोन चित्रपट बाकीच्यांच्या पुढे उभे राहतात. झाव्हिए बोव्होआचा 'ऑफ गॉड्स अँड मेन' २०१० चा. अल्जीरियातल्या तिबहिरीन गावाजवळ फ्रेंच ट्रॅपिस्ट व्रतस्थ राहत होते. शेजार सगळा मुस्लिम. बंधू ल्यूक डॉक्टर होते, गावची बायाबापडी त्यांच्याकडे औषधाला येत. यादवी पेटल्यावर जायचं की राहायचं, यावर ते वारंवार एकत्र बसून बोलतात. काही जणांना जायचंच असतं आणि तसं ते उघड सांगतात. या बैठकाच चित्रपटाचा प्राण आहेत. एका रात्री सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, वाइन ओतली जाते, कॅसेटवर चायकोव्हस्कीचं संगीत लागतं आणि कॅमेरा एकेका म्हाताऱ्या चेहऱ्यावरून फिरतो. मार्च १९९६ मध्ये सात जणांचं अपहरण झालं आणि ते मारले गेले. चित्रपट तो मृत्यू दाखवत नाही. २०१८ मध्ये ओरानमध्ये त्यांना 'धन्य' घोषित करण्यात आलं, ही संतपदाच्या अलीकडची पायरी.

दुसरा टेरेन्स मॅलिकचा 'अ हिडन लाइफ', २०१९ चा. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी. हिटलरच्या नावाने शपथ घ्यायला त्याने नकार दिला. गावाने त्याच्या घरावर बहिष्कार घातला. तू सही कर, तुला बायको-मुली आहेत, असं धर्मगुरूंनी आणि बिशपनीही समजावलं. ऑगस्ट १९४३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मॅलिकचा चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे आणि अर्धा भार पत्नी फ्रान्झिस्काच्या खांद्यावर आहे. नांगर ओढणारी, शेजाऱ्यांच्या शिव्या खाणारी, आणि तरी नवऱ्याला सही कर म्हणून न सांगणारी. २००७ मध्ये लिंझ इथे त्याला 'धन्य' घोषित केलं, तेव्हा ९४ वर्षांची फ्रान्झिस्का समोर होती.

बाकीचे थोडक्यात. फ्रान्झ वेर्फेल हा ज्यू लेखक नाझींपासून पळताना लूर्द गावात लपला होता, तिथल्या बर्नाडेटची कथा लिहीन असा त्याने नवस केला आणि त्या पुस्तकावरून १९४३ चा 'द साँग ऑफ बर्नाडेट' झाला. जुन्या हॉलिवूडची गोडी त्यात आहे. काव्हालिएचा 'तेरेझ' करड्या पडद्यापुढे मोजक्या वस्तू ठेवून कार्मेल मठ उभा करतो आणि छोट्या तेरेझाचं हसू टिपतो. एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो १९८० मध्ये मिस्सा अर्पण करताना गोळीने मारले गेले, त्यांच्यावरचा 'रोमेरो' राउल जूलियासाठी पाहावा. ज्यांना कथाच नको असेल त्यांच्यासाठी फिलिप ग्रोनिंगचा 'इनटू ग्रेट सायलेन्स' हा माहितीपट. चित्रीकरणाची परवानगी त्याने १९८४ मध्ये मागितली आणि आल्प्समधल्या कार्थुसियन मठाने ती सुमारे १६ वर्षांनी दिली.

चर्चवर प्रेम असलेल्यांनी टाळू नये असा आणखी एक चित्रपट आहे. टॉम मॅकार्थीच्या 'स्पॉटलाइट'मध्ये संत नाहीत. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना बॉस्टनच्या धर्मप्रांताने कसं लपवलं, हे 'बॉस्टन ग्लोब'च्या पत्रकारांनी २००२ मध्ये उघड केलं, त्याची ही गोष्ट. जोनच्या न्यायाधीशांचे चेहरे पाहून ज्याला राग आला, त्याला हाही चित्रपट पाहावा लागेल. बळी पडलेल्यांचं म्हणणं त्यात शांतपणे, पूर्ण ऐकून घेतलेलं आहे आणि धर्मपटाकडून इतकी तरी अपेक्षा ठेवलीच पाहिजे.

भारतातल्या अलीकडच्या चित्रपटांत 'द फेस ऑफ द फेसलेस' ठळक आहे. मूळच्या केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात भूमिहीन मजुरांना सावकारांविरुद्ध उभं करत होत्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये बसप्रवासात त्यांची हत्या झाली. २०१७ मध्ये इंदूरला त्यांना 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आलं. शैसन औसेफ यांच्या या चित्रपटात पार्श्वसंगीत जरा जास्त बोलतं. तरी सिस्टरच्या बहिणीने मारेकऱ्याला राखी बांधली, हा खरा प्रसंग इतका मोठा आहे की चित्रपट त्याच्या आधाराने उभा राहतो.

वसईच्या आणि गोव्याच्या धर्मग्रामांनी एक करून पाहावं. पाच फेब्रुवारीच्या सुमारास, गोंसालो गार्सियाच्या सणाला, चर्चच्या सभागृहात 'सायलेन्स' दाखवावा. मध्ये न थांबवता, पूर्ण. आणि नंतर तरुणांना व म्हाताऱ्यांना एकत्र बसवून एवढंच विचारावं: नागासाकीच्या टेकडीवर गेलेला वसईचा दुभाष्या त्या प्रतिमेपाशी रॉड्रिग्जच्या शेजारी उभा असता, तर त्याला काय म्हणाला असता?